सब्र शिकवणारी शर्यत

१९७८ सालच्या १८ फेब्रुवारीला हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर पंधरा पुरुष सकाळी समुद्रात उतरले. आधी ३.८ किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि सायकल ठेवली की ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन धावायची, असा त्या दिवसाचा बेत होता. नुसत्या सायकलीचे अंतरच मुंबई-पुणे रस्त्याहून जास्त भरते. पंधरापैकी बारा जणांनी शर्यत पुरी केली. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलर यांना ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. या साऱ्याच्या मागे अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी होत्या. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा दमाचा कोण, या मित्रमंडळींच्या वादातून ही कल्पना निघाली. बेटावर तिन्ही प्रकारच्या शर्यती आधीपासून भरतच होत्या, त्या एकापुढे एक जोडल्या गेल्या. जो पहिला येईल त्याला आयर्नमॅन म्हणू, असे कॉलिन्स म्हणाले आणि तेच नाव राहिले. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, लिन लेमेर या महिलेनेही ती पुरी केली.

आज ही शर्यत जगभर होते. आपल्याकडे गोव्यात २०१९ पासून तिच्या निम्म्या अंतराची शर्यत भरू लागली: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्यावरून सुरुवात आणि साडेआठ तासांची मुदत. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर २०१५ मध्ये झुरिकला पूर्ण अंतराची शर्यत पार केली, तेव्हापासून मराठी घरांतही हा शब्द रुळला. पुण्या-कोल्हापुरात तर डॉक्टर, वकील, व्यापारी, पोलीस असे कितीतरी लोक पहाटे उठून याची तयारी करताना दिसतात.

कुटुंबाच्या मासिकात हा विषय कशाला, असे काही वाचक भगिनींना वाटेल. त्याचे कारण आमच्या घरातच आहे. आम्ही दोघेही कोल्हापुरातले शिक्षक. मुलांचे अब्बा ४६ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना साखर निघाली. त्यांचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने अल्लाहला प्यारे झाले होते, तेव्हा हे कॉलेजात होते. डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून रंकाळ्याभोवती चालणे सुरू झाले. चालण्याचे धावणे झाले. मग एका सहकाऱ्याने जुनी सायकल स्वस्तात दिली आणि एके दिवशी जेवताना त्यांनी गोव्याचे नाव काढले. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरने चालायला सांगितलंय, समुद्रात पडायला कुणी सांगितलं?"

तेव्हापासून गेले दीड वर्ष आमचे घर या तयारीत आहे. घर म्हणतो, कारण पहाटे चारचा गजर एकट्यासाठी वाजत नाही.

या खेळाविषयी लोकांचे पहिले मत असे असते की ही जिद्दीची गोष्ट आहे. दात-ओठ खाऊन, शरीराला फटके मारून पुढे रेटायचे. चित्रपटात असेच दाखवतात, आणि मुलांना सांगायलाही ते सोपे जाते. पण ज्यांनी या शर्यतीत खरोखर मोठे नाव कमावले त्यांचे अनुभव वेगळेच काही सांगतात.

मार्क अॅलन हे अमेरिकेचे खेळाडू घ्या. १९८२ पासून ते हवाईच्या शर्यतीत सहा वेळा उतरले आणि एकदाही जिंकले नाहीत. बहुतेक वेळा समोर डेव्ह स्कॉट असत. १९८७ मध्ये अॅलन बरेच पुढे होते, पण धावताना ते कोसळत गेले, हातची शर्यत गेली आणि पोटात रक्तस्राव होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले. रेटून पाहण्याची हद्द झाली होती. १९८९ मध्ये ते स्कॉट यांच्याबरोबर अक्षरशः खांद्याला खांदा लावून जवळपास आठ तास राहिले. पाण्यात, सायकलवर आणि मग लाव्हाच्या काळ्या खडकांतून जाणाऱ्या तापलेल्या रस्त्यावर. मॅरेथॉनच्या मध्यावर आपण पुन्हा हरणार असे त्यांना वाटू लागले. त्या क्षणी एका मासिकात पाहिलेला मेक्सिकोतल्या हुइचोल जमातीच्या एका वयोवृद्ध आध्यात्मिक वैद्याचा शांत चेहरा डोळ्यांपुढे आला आणि डोक्यातली बडबड थांबली, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. शेवटच्या चढावर ते पुढे निघाले आणि ५८ सेकंदांनी जिंकले. त्यानंतर १९९५ पर्यंत आणखी पाच वेळा जिंकले.

चेहऱ्याची गोष्ट हा त्यांचा अनुभव आणि त्यांचा विश्वास. आपला तो मार्ग नाही, हे सांगायला नको. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. शांत मन त्या दिवशी अचानक टपकले नव्हते, त्यामागे कित्येक वर्षांचा अगदी कंटाळवाणा सराव होता. फिल मॅफेटोन यांनी अॅलन यांना हृदयाच्या ठोक्यांची एक मर्यादा घालून दिली होती. सरावात ठोके मिनिटाला १५५ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. वर गेले की वेग कमी करायचा, चढ असेल तर चालायचे. जगातल्या अव्वल खेळाडूला सुरुवातीला त्या मर्यादेत एका किलोमीटरला पाच मिनिटांहून अधिक लागत. त्याच्या मानाने हे फारच संथ. लाज वाटावी इतके. पण वर्षभराने त्याच १५५ ठोक्यांवर ते किलोमीटर साधारण ३ मिनिटे २० सेकंदांत धावू लागले. हृदय तेवढेच काम करत होते आणि पाय कितीतरी पुढे जात होते.

ही मर्यादा काढण्याचा मॅफेटोन यांचा हिशेब साधा आहे: १८० मधून वय वजा करा. मोठ्या आजारातून उठलेल्याने किंवा नियमित औषधे घेणाऱ्याने आणखी १० वजा करावेत. मुलांच्या अब्बांचा आकडा त्यावरून १२४ आला. हा ढोबळ नियम आहे, सगळ्यांना तंतोतंत लागू पडत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांनी आधी ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणी करून घेतली आणि मगच या आकड्याला मान डोलावली.

१२४ म्हणजे काय हे रंकाळ्यावर कळले. धावायला लागले की दोनशे पावलांत घड्याळ टुंटुं वाजे. थांबायचे, चालायचे, पुन्हा धावायचे. सत्तरीतले आजोबा "चला मास्तर" म्हणत पुढे निघून जात. शाळेतला सातवीचा एक विद्यार्थी दुधाची किटली सायकलला लावून जाताना ओरडला, "सर, चालताय का पळताय?" त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी घड्याळ काढून कपाटात टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधले. हे टाकणे आणि बांधणे चार महिने चालले. सब्र हा शब्द आपण मयतीच्या घरी किंवा संकटात वापरतो. आपल्याला जोरात पळता येत असताना मुद्दाम हळू पळणे, तेही लोकांदेखत, हाही सब्रच आहे. आणि तो अवघड आहे, कारण त्यात सहानुभूती मिळत नाही.

हळू धावताना मोकळ्या मनाचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. कानात गाणी घालून वेळ काढणारे बरेच असतात. याबाबत एक जुने संशोधन आहे. विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या अमेरिकन अभ्यासकांनी १९७७ मध्ये अव्वल दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना विचारले की धावताना तुमच्या मनात काय चालते. सामान्य धावपटू त्रास विसरण्यासाठी मन दुसरीकडे नेतात, हे त्यांना माहीत होते. कोणी मनात घर बांधतो, कोणी जुनी भांडणे उगाळतो. अव्वल धावपटूही असेच काही करत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. निघाले उलटे. ते धावपटू सतत आपल्याच शरीराकडे लक्ष देत होते: श्वास कसा आहे, पोटऱ्या ताठरल्या का, खांदे वर चढले का, वेग जास्त तर होत नाही ना. त्रासापासून पळण्याऐवजी ते त्याची विचारपूस करत होते.

आमच्या घरातल्या सरावाला यातून आकार आला. चार पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. दर काही मिनिटांनी कपाळापासून तळव्यापर्यंत एक फेरी: जबडा सैल आहे का, मुठी आवळल्या आहेत का, पाऊल कसे पडते आहे. मन शाळेच्या वेळापत्रकात किंवा गृहकर्जाच्या हप्त्यात गेले की त्याला रागावायचे नाही, नुसते परत आणायचे. नमाजीला हे ओळखीचे आहे. तकबीर बांधली की नेमकी उधारी आठवते, तिसरी रकअत की चौथी हा घोळ होतो आणि मन पुन:पुन्हा हाताला धरून परत आणावे लागते. येथे एक स्पष्ट सांगतो. धावणे ही नमाज नव्हे, आणि पहाटेची रपेट झाली म्हणून फज्र झाली असे होत नाही. दोन्हींना एका तागडीत तोलणारे लोक हल्ली भेटतात, त्यांच्याशी आमचे जमत नाही. पण मन परत आणण्याची जी सवय मुसल्यावर रोज पाच वेळा लावायचा प्रयत्न होतो ती रस्त्यावर उपयोगी पडते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

सुरुवातीला ते सायकलवर तसबीह पढत असत. श्वासाला एक लय मिळे. अम्मींनी ऐकले आणि म्हणाल्या, "अल्लाहचं नाव घे, पण ट्रकवाल्याला ते ऐकू जात नाही. डोळे उघडे ठेव." पन्हाळ्याच्या रस्त्यावर रविवारी सकाळी पर्यटकांच्या गाड्या कशा येतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

आता एका प्रसंगाविषयी लिहिणे भाग आहे. वाचायला तो सुखाचा नाही, पण या लेखाचे खरे कारण तोच आहे.

गेल्या एप्रिलमध्ये शहराबाहेरच्या तलावात खुल्या पाण्याचा सराव होता. पंधरा-वीस जण, सोबत एक होडी. मुले आणि आम्ही काठावर चटई टाकून बसलो होतो. तीनशे-चारशे मीटर गेल्यावर केशरी टोपीतले एक डोके थांबलेले दिसले. लांबून काही कळत नव्हते. मग हात वर झाला. होडीवाला पोहोचेपर्यंत जी दोन मिनिटे गेली त्यांबद्दल आमची मुलगी अजूनही बोलत नाही.

बाहेर आणले तेव्हा अंग थरथरत होते, घाम फुटला होता, बोलणे अडखळत होते. सगळे म्हणाले, घाबरले, खुल्या पाण्यात होते असे पहिल्यांदा. त्यांनाही पाण्यात तसेच वाटले होते. आधी छातीत धडधड सुरू झाली, हात कापू लागले. ही भीती आहे, श्वासाकडे लक्ष द्या, ती निघून जाईल, असे त्यांनी स्वतःला बजावले आणि पोहत राहिले. आमच्या पिशवीत साखर तपासायचे यंत्र होते. बोटाला सुई टोचली तर आकडा आला ६८. सत्तरच्या खाली गेलेली साखर ही भीती नसते, ती शरीराची गरज असते. सकाळची गोळी घेतलेली, आणि पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. थरथर, घाम, धडधड ही जशी घाबरण्याची लक्षणे आहेत तशीच साखर उतरण्याचीही आहेत. आणि पाण्यात दोन्हींतला फरक ओळखायला फार वेळ मिळत नाही.

शांत मनाच्या गप्पा मारणाऱ्या पुष्कळ पुस्तकांत ही गोष्ट नसते. शांत राहणे आणि शरीराचे म्हणणे दडपून टाकणे या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. मॉर्गन-पोलॉक यांचे धावपटू शरीराचे ऐकत होते, त्याला गप्प बसवत नव्हते. ध्यान म्हणून आपण जर फक्त "काही नाही, काही नाही" एवढेच घोकत राहिलो, तर तो दात-ओठ खाण्याचाच सौम्य प्रकार झाला.

त्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात, हे परदेशांतल्या अभ्यासांतून पुढे आलेले आहे. धावताना त्रास झाला तर माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. पाण्यात कडा नसते. म्हणून पोहण्याचा जो सराव त्यांनी पुढे केला त्यात वेग नव्हताच. प्रशिक्षकांनी आधी थांबायला शिकवले. काही वेगळे वाटले की उताणे व्हायचे, कान पाण्यात, डोळे आभाळाकडे, आणि श्वास आत ओढण्याऐवजी आधी पूर्ण बाहेर सोडायचा. नवशिके घाबरले की हवा कोंडून धरतात, छाती भरलेलीच असते आणि तरी हवा कमी पडते असे वाटते. पाण्यात तोंड असताना सावकाश बुडबुडे सोडत राहिले की पुढचा श्वास आपोआप आत येतो. सहा आठवडे त्यांनी एवढेच केले: पन्नास मीटर पोहणे, उताणे होणे, मोजून दहा श्वास, पुन्हा पन्नास मीटर.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते लांबले. मुलगा नववीत आहे. तो म्हणाला, "अब्बा, दादांच्या वयापर्यंत पोहोचायचं म्हणून तुम्ही हे सुरू केलं ना? मग यातच काही झालं तर?" याला उत्तर नव्हते. अम्मी तसबीह घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलत नाहीत तेव्हा आम्हाला जास्त भीती वाटते. तयारी सोडायची की नाही हा निर्णय आम्ही त्या रात्री घेतला नाही. आधी डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी गोळ्यांची वेळ आणि प्रमाण बदलले, सरावाच्या दिवसांसाठी वेगळे लिहून दिले. पाण्यात उतरण्यापूर्वी साखर तपासलीच पाहिजे, ठरलेल्या आकड्याखाली असेल तर त्या दिवशी पाणी नाही. उतरली तर पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटे विश्रांती आणि पुन्हा तपासणी. मधुमेही वाचकांनी हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. ज्याची औषधे वेगळी त्याचा हिशेब वेगळा. खाण्याचाही धडा मिळाला. लांब सायकलीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. बाजारात त्यासाठी महागड्या पुड्या मिळतात. आमच्या घरात खजूर वर्षभर असतो, साध्या सहा खजुरांत तीसेक ग्रॅम निघतात. सोबत केळे, शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-लिंबाचे पाणी. मिठाचे महत्त्व नवख्यांना पटत नाही. पाच-सहा तास घाम गाळून नुसते साधे पाणीच ढोसत राहिले तर रक्तातला सोडियम पातळ होतो आणि माणूस भोवळ येऊन पडू शकतो. पाणी कमी पडल्याने जसा धोका तसा ते अती झाल्यानेही.

रमजानमध्ये मात्र तयारी जवळजवळ बंद ठेवली. डॉक्टरांच्या परवानगीने जेवढे रोजे झाले त्या दिवसांत इफ्तारनंतर अर्धा तास चालणे, बाकी काही नाही. तयारीच्या वहीत तो महिना कोराच दिसतो. सायकलच्या गटातल्या एका मित्राला वाटले की दमसास गेला असेल. ईदनंतर पहिल्या आठवड्यात घड्याळावरचे आकडे थोडे बिघडले होते हे खरे, पण तिसऱ्या आठवड्यात पूर्वपदावर आले.

आता हिशेबाची दुसरी बाजू. आठवड्याला दहा-बारा तास जातात. हे तास कोणाच्या तरी पदरातून काढलेले असतात. मनःशांतीच्या शोधात निघालेला माणूस घरी येऊन दुपारभर झोपत असेल तर ती शांती कोणाच्या जिवावर, हा प्रश्न भगिनींनी विचारायलाच हवा. आमच्याकडे तो विचारला गेला, आणि मोठ्या आवाजात विचारला गेला. त्यातून ठरले ते असे: एक रविवार लांब सायकलीचा, दुसरा रविवार घराचा. घराच्या रविवारी सायकलला हात नाही. मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक आणि अम्मींचे बीपी पाहणे त्यांच्याकडे. मुलांच्या सहामाहीच्या दिवसांत सराव निम्मा. आणि दुपारी तीनच्या महिलांच्या वेळेत पोहायला शिकणे, हे घरातल्या बाईच्या वाट्याला. त्या वेळी तलावावर सगळ्या बायकाच असतात, शिकवणारीही बाईच. चाळिशी उलटल्यावर पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे सोडायला शिकताना त्या १२४ च्या आकड्याबद्दल सहानुभूती वाटू लागते.

महिलांच्या बाबतीत दोन नावे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शिरीन गेरामी यांनी २०१३ मध्ये लंडनच्या जागतिक त्रायथलॉन स्पर्धेत इराणतर्फे भाग घेतला. त्रायथलॉनमध्ये इराणचे नाव लावून उतरणाऱ्या त्या पहिल्या महिला. अंग आणि केस झाकून तिन्ही टप्पे करता येतील असा पोशाख तयार करायचा आणि त्याला आपल्या देशातल्या अधिकाऱ्यांची मान्यता मिळवायची, या खटपटीत त्यांचे कितीतरी महिने गेले. घट्ट नको, आणि पाण्यात फुगून ओढही नको, उन्हात जीव गुदमरायलाही नको, अशा कपड्याचा विचार करून पाहा म्हणजे काम किती किचकट होते ते कळेल. २०१६ मध्ये त्या हवाईच्या पूर्ण अंतराच्या जागतिक शर्यतीतही उतरल्या. दुसरे नाव सिस्टर मॅडोना ब्यूडर यांचे. १९३० साली जन्मलेल्या या अमेरिकन नन. मन, शरीर आणि आत्मा यांचा मेळ धावण्याने बसतो असे एका पाद्रींनी सांगितले म्हणून त्यांनी ४८ व्या वर्षी धावणे सुरू केले. ८२ व्या वर्षी, २०१२ मध्ये, कॅनडातली पूर्ण अंतराची शर्यत त्यांनी १७ तासांच्या मुदतीत पुरी केली. आमच्या अम्मी ७१ वर्षांच्या आहेत. हे वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "तिला नातवंडांचा डबा करायचा नसेल." यात थट्टा आहे तशी खरी गोष्टही आहे.

सध्या तयारी शेवटच्या टप्प्यात आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी दीड वर्षात ८.१ वरून ६.६ वर आला, अलहम्दुलिल्लाह. रंकाळ्याची फेरी आता त्याच १२४ ठोक्यांवर बरीच लवकर पुरी होते, आणि तो दुधाच्या किटलीवाला मुलगा अधूनमधून सायकल बाजूला लावून शंभर-दोनशे मीटर सोबत पळतो. मागच्या महिन्यात प्रशिक्षकांना शेजारी घेऊन तलावात १.९ किलोमीटर पूर्ण झाले. मध्ये दोनदा उताणे होऊन. मुलगी काठावर आली नव्हती, फोनपाशी बसून होती.

गोव्याला जायचे की नाही यावर अखेर एक कागद तयार झाला. मुलाने तो आपल्या अक्षरात लिहिला आहे. सकाळी साखर ठरलेल्या आकड्याखाली असेल तर पाण्यात उतरायचे नाही. पाण्यात थरथर किंवा धडधड वाटली तर भीती आहे की साखर याचा विचार करत बसायचे नाही, हात वर करायचा. सायकलवर दर अर्ध्या तासाला खायचे, भूक असो वा नसो. छातीत, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखले तर तिथेच थांबायचे. शर्यत लवकर आटोपली नाही तर जोहरची नमाज कोठे आणि केव्हा पढायची हेही त्यात आहे, मुसल्याची घडी सायकल ठेवायच्या जागेवरच्या पिशवीत जाईल. शेवटच्या कलमावर बाप-लेकाची थोडी घासाघीस झाली. मुलाला लिहायचे होते, "अम्मीने हाताने खूण केली तर बाहेर यायचे." अब्बा म्हणाले, गर्दीत खूण दिसणार नाही. मग ते कलम बदलून असे झाले की धावण्याच्या रस्त्यावर ठरलेल्या तीन जागी आम्ही उभे राहायचे, आणि प्रत्येक जागी त्यांनी थांबून स्वतःचे नाव, मुलांची नावे आणि आजचा वार नीट सांगायचा. अडखळले तर तिथून पुढे जायचे नाही. यात वीस-पंचवीस सेकंद जातील.

खाली दोघांच्या सह्या आहेत. अम्मींनी उर्दूत सही केली आणि तारीख घातली. एक प्रत फ्रिजवर चिकटवलेली आहे, दुसरी साखरेच्या यंत्राच्या पाकिटात आमच्याकडे राहील.